दुपारचं अंगण

"मला निळं अंगण हवंय," काका म्हणाले.

बाईंनी टेप गुंडाळता गुंडाळता मान डोलावली. बागा आखून देण्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माणूस कशालाच दचकत नाही. मागच्याच गिऱ्हाइकाला बारा महिने फुलणारं झाड हवं होतं, फक्त त्याचं एकही पान खाली पडता कामा नये अशी अट होती. त्या मानाने निळं अंगण ही अगदीच साधी मागणी.

"निळ्यात पुष्कळ प्रकार मिळतात, काका. वेली आहेत, झुडपं आहेत..."

"पुष्कळ नकोत. एकच हवंय. पूर्वी इथं जे होतं ते."

"काय होतं?"

"काहीही नव्हतं," मागून खणखणीत आवाज आला. "तण होतं. दुसरं काय असणार?"

या काकांच्या ताई. ऐंशी ओलांडलेल्या, पाठ ताठ, एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती फक्त शाळेनं मान्य केली होती, ताईंनी नाही. काका त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी धाकटे. पंचाहत्तरीला टेकलेल्या या गृहस्थांना त्या अजून 'बाळ' म्हणत, आणि तेही 'ओ' देत. काकांचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले, आणि आता दुकान बंद करून या जुन्या घरात राहायला यायचं त्यांनी ठरवलं होतं.

घर म्हणजे जुन्या हमरस्त्यावरचं जकातनाकं. दगडी, बसकं, उतरत्या छपराचं. दार इतकं ठेंगणं की आत जाणाऱ्याला मान लववावीच लागे, मग तो कुणी का असेना. पूर्वी येणारी-जाणारी प्रत्येक गाडी इथं थांबायची. पुढे हमरस्ताच दुसरीकडे सरकला, नाक्यावर कुणी थांबेना, आणि काकांच्या आजोबांनी ते राहायला घेतलं. आता दाराशी पितळी पाटी होती. घर ऐतिहासिक आहे, याच्या दगडाला हात लावायचा नाही, असा तिचा मथितार्थ. मागच्या अंगणातली फरशी मात्र घराइतकी जुनी नव्हती. ती काकांच्या वडिलांनी घातलेली, त्यामुळे ती उचलायला पुरातत्त्व खात्याची हरकत नव्हती.

"आई गेली, आणि वर्षाच्या आत बाबांनी फरशी घातली," काका सांगू लागले. "मी तेव्हा चार वर्षांचा. आईचा फोटो नाही. काढायचा राहूनच गेला. चेहरा मला आठवत नाही, आवाज आठवत नाही. एकच गोष्ट आठवते. मी इथं अंगणात बसलोय, ती शेजारी आहे, आणि सगळं निळं आहे. इथून त्या भिंतीपर्यंत. माझ्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून तिनं हात असा धरलाय."

त्यांनी आपला हात कपाळाशी नेला आणि तो तसाच राहिला.

"मी बारा वर्षांची होते," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता जरा उतरला होता. "मला सगळं लख्ख आठवतं. घरात फुलझाड म्हणून नव्हतं. आईला हौस नव्हती, आणि बाबांना वेळ नव्हता. बाळानं कुठंतरी चित्र पाहिलं असेल, नाहीतर स्वप्न पडलं असेल."

"ताई म्हणते ते खरं असेल," काका बाईंना म्हणाले, "तर मग माझ्याकडे आईचं काहीच नाही. एवढंच मला कळायला हवंय. आहे की नाही."

बाईंनी मनात म्हटलं, हे माझं काम नव्हे. माझं काम वाफे, वाटा, निचरा आणि सावली. कुणाची आई खरी की खोटी हे ठरवायला मी कोण? पण त्यांचं तोंड नेहमीच त्यांच्या आधी धावायचं.

"शोधू आपण," त्या बोलून गेल्या.

मग निळ्याची परेड सुरू झाली. बाई दर आठवड्याला शहरात ताईंच्या घरी कुंड्या घेऊन जात. जकातनाक्याच्या स्वयंपाकघराची डागडुजी चालू असल्यामुळे काकांचा मुक्काम तूर्त तिथंच होता. बाई टेबलावर कुंडी ठेवत. काका चष्मा पुसत, वाकून बघत, दुकानात गिऱ्हाईक बघायचं तसं एक डोळा मिटून बघत, आणि म्हणत, "हे नाही." घंटेच्या आकाराची फुलं झाली, तुरे झाले, गेंद झाले. एक तर इतकं सुरेख निळं होतं की ते विकणाऱ्या रोपवाटिकेच्या मालकिणीचाच जीव त्यात अडकला होता. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सुंदर आहे. पण हे नाही."

"काका, चार वर्षांच्या पोराला रंगाची छटा लक्षात राहते होय?"

"मला माहीत नाही. पण हे नाही, एवढं माहीत आहे."

"अहो, तुम्ही कशाला त्याच्या नादी लागता?" ताई चहा ठेवत म्हणाल्या. "एखादं छानसं निळं लावून मोकळ्या व्हा. त्याला सवय होईल."

शेवटी बाईंनी हात टेकले. ताईंचं म्हणणंच खरं धरायचं, आराखडा आपल्या पद्धतीनं करायचा, आणि त्यातल्या त्यात चांगली निळी रोपं मागवायची. काकाही नुसते "बरं" म्हणाले. ते 'बरं' बाईंना टोचलं. पण काम तर पुढे न्यायला हवं होतं.

फरशी उचलली तो दिवस मात्र बाई विसरणार नाहीत. बाईंच्या मुकादमानं पहार घातली, पहिली लादी सुटली, आणि खालून माती दिसली. काळीशार, ओलसर, चाळून ठेवल्यासारखी. वर्षानुवर्षं या अंगणावरून माणसं चालली, खुर्च्या सरकल्या, बादल्या आदळल्या, आणि खाली ही अशी पडून होती. बाईंनी मूठभर उचलून नाकाशी धरली. आपण काहीतरी झोपलेलं उघडं केलंय असं त्यांना उगाचच वाटून गेलं. मुकादम म्हणाला, "बाई, अशी माती कुठं बघायला मिळते आता?" त्यानं आपल्या माणसांना चपला काढायला लावल्या, आणि कुणी का म्हणून विचारलं नाही.

बागेच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. नव्यानं उघडलेल्या जमिनीत रोपं लगेच लावायची नाहीत. आधी नुसतंच पाणी द्यायचं आणि वाट बघायची. मातीत निजलेल्या तणाच्या बियांना वाटतं, आला आपला दिवस. त्या डोकं वर काढतात. काढलं की खुरपं फिरवायचं. पुन्हा पाणी, पुन्हा वाट, पुन्हा खुरपं. जमीन अशी रिकामी करून घेतली की मग आपली रोपं सुखानं वाढतात. मुकादम याला 'पंगतीला बोलवायचं आणि पानावरून उठवायचं' म्हणत असे. बाईंचा तर या युक्तीवर भारी विश्वास. घाई करून लावलेल्या बागा तणात बुडालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्या बागांच्या मालकांना त्यांनी वर चार शब्द सुनावलेही होते.

इथंही तेच केलं. पाणी दिलं, आणि काही दिवसांत अंगणभर हिरवी लव उठली. बारीक, जोडीजोडीनं पानं असलेली, जमिनीला चिकटून पसरणारी. अख्ख्या अंगणात एकाच जातीचं तण. "घराणंच आहे हे," मुकादम हसून म्हणाला. फुलायच्या आत ते खुरपून काढायला हवं होतं, तसं ते काढलं. दुसऱ्यांदा पाणी दिलं तेव्हा लव विरळ होती. तीही काढली. जमीन स्वच्छ झाली. आता उरली होती ती फक्त भिंतीलगतची पट्टी. उचललेल्या लाद्या तिथं रचून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यामागे खुरपं पोचलं नव्हतं. लाद्या हलवू तेव्हा तेवढं बघू, असं ठरलं.

हे सगळं सकाळी चाले. उन्हात मातीकाम करायचं नाही हा मुकादमाच्या माणसांचा शिरस्ता होता. फटफटायला कामाला लागायचं आणि ऊन तापायच्या आत अवजारं धुऊन घरी. बाईही त्यांच्याबरोबरच निघत. दुपारी त्या अंगणात चिटपाखरू नसे. संध्याकाळी कधी काका आणि ताई गाडी करून येत, काम कुठवर आलं ते बघत, आणि ताई दोन-चार सूचना केल्याशिवाय परत जात नसत.

ज्या दिवशी निळी रोपं यायची होती, त्या दिवशी रोपवाटिकेची गाडी वाटेत बंद पडली. सकाळी यायची ती दुपारी येणार, असा निरोप आला. माणसं निघून गेली होती. बाई एकट्याच मागच्या पायरीवर बसून चरफडत होत्या. ऊन डोक्यावर आलं. सावली शोधत त्या भिंतीकडे गेल्या, रचलेल्या लाद्यांना वळसा घातला, आणि पाय जागच्या जागी थांबले.

भिंतीच्या पायथ्याला निळं सांडलं होतं.

त्यांना आधी वाटलं, कुणी रंगाचा डबा पालथा केलाय. मग वाटलं, ऊन लागलं आपल्याला. त्या खाली बसल्या. फुलं होती. करंगळीच्या नखाएवढी, पाच पाकळ्यांची, जमिनीला धरून, इतकी दाट की खालचं पान दिसत नव्हतं. आणि निळं असं की बाईंनी इतक्या वर्षांत कुठल्याही रोपवाटिकेत पाहिलेलं नव्हतं. ते तुऱ्याचं नव्हतं, गेंदाचं नव्हतं, आभाळाचंही नव्हतं. मधोमध एक इवलासा लालसर ठिपका होता, आणि त्या ठिपक्यामुळे ते निळं जळत असल्यासारखं दिसत होतं. प्रत्येक फूल सूर्याकडे तोंड करून टक्क उघडं होतं.

आज सकाळीच त्या इथून गेल्या होत्या. काल गेल्या होत्या, परवा गेल्या होत्या. तेव्हा इथं नुसतं हिरवं होतं. तेच, जोडीजोडीच्या पानांचं. तण.

बाईंनी मागे वळून अंगणाकडे पाहिलं. साफ केलेलं, उघडं, काळं अंगण. या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच उगवलं होतं. दोनदा उगवलं होतं. आणि दोन्ही वेळा आपण खुरप्यानं... त्यांनी वाक्य मनातसुद्धा पुरं केलं नाही. मग स्वतःला एक सणसणीत शिवी मात्र दिली, मोठ्यानं. ती ऐकायला तिथं कुणीच नव्हतं ते बरं झालं.

त्या तिथंच बसून राहिल्या. सत्तर वर्षं, त्यांच्या मनात येत होतं. सत्तर वर्षं दगडाखाली, मिट्ट काळोखात, ना वारा ना ऊन. मोहरीहून बारीक बी. त्या काळात काका मोठे झाले, शिकले, दुकान थाटलं, म्हातारे झाले, दुकान बंद केलं. तेवढा सगळा वेळ या बिया नुसत्या थांबून होत्या. मेल्या नाहीत, कंटाळल्या नाहीत. लादी उचलली, पाणी मिळालं, आणि कालच निजल्यासारख्या उठल्या. बाई काही देवभोळ्या नव्हत्या, पण त्यांचे हात आपोआप मांडीवर जुळून आले होते, हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

उन्हं कलू लागली तशी फुलं मिटायला लागली. एकेक करून पाकळ्या गुंडाळल्या गेल्या. बघता बघता निळं आटलं, आणि भिंतीच्या पायथ्याला पुन्हा नुसतं हिरवं उरलं. इथं काही होतं असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

रोपांची गाडी आली तेव्हा बाईंनी ती तशीच परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी फटफटायला मुकादमानं जे ऐकलं त्यावर त्याचा विश्वास बसेना.

"तण वाढवायचं?"

"वाढवायचं."

"पाणी घालून?"

"पाणी घालून. आधी कुदळीनं माती खालवर करा. खोलातली वर येऊ दे. आणि एकानंही खुरप्याला हात लावायचा नाही."

"बाई, हे बाहेर कळलं तर पुन्हा कुणी आपल्याला दारात उभं करणार नाही."

बाई हसल्या, पण त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मातीत अजून बी शिल्लक असेल का? दोनदा उगवलं ते सगळंच असेल तर? भिंतीलगतची एवढीशी पट्टी काकांना दाखवावी असं एकदा वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. त्या पट्टीकडे बघून काका चष्मा पुसून "हे नाही" म्हणाले तर? काकांना अंगण आठवत होतं, भिंतीपर्यंतचं. अशा वीतभर तुकड्यावर कुणाच्या आईचा निकाल लावायला बाईंचं मन धजेना. त्यांनी ताईंना सांगितलं, जमीन थोडी मुरू द्यायची आहे, इतक्यात येऊ नका. ताई म्हणाल्या, "अजून किती मुरायची? लोणचं घालताय का?"

पाणी दिलं. काहीच झालं नाही. पुन्हा दिलं. बाई रोज सकाळी येऊन जमिनीवर ओणव्या होत, अगदी नाक टेकेपर्यंत. मुकादम तोंड फिरवून हसे. मग एका सकाळी तोच दारातून ओरडला, "बाई, घराणं आलं!"

आलं होतं. पहिल्यापेक्षा दाट. खालच्या मातीतलं बी वर आलं होतं, आणि ते अख्ख्या अंगणात ठिकठिकाणी फुटत होतं, जोडी-जोडीनं. बाईंनी त्या इवल्या पानांकडे पाहिलं आणि त्यांना रडूच फुटलं. मुकादमानं शहाण्यासारखं नळी गुंडाळायचं काम काढलं.

वेल पसरत गेले, माती झाकली गेली. आणि पहिल्या कळ्या धरायला लागल्या त्याच सुमाराला, एका संध्याकाळी, न सांगता न कळवता ताई काकांना घेऊन येऊन थडकल्या. त्यांच्या सहनशक्तीचा अंत झाला होता.

बाई योगायोगानं तिथंच होत्या. त्या ठेंगण्या दारातून वाकून ताई मागच्या पायरीवर आल्या. त्यांनी मान वर केली, अंगण पाहिलं, आणि भांडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"हे..." त्या म्हणाल्या. "अगं बाई! हेच! बाळ, इकडे ये, बघ! हेच तण होतं इथं. अस्संच, अंगणभर. मी सांगत नव्हते?"

काका पुढे झाले. ताई भराभरा बोलत होत्या. "बाबा रोज चिडायचे. दारात तण माजलंय, लोक काय म्हणतील, म्हणायचे. आई नुसतं हो हो करायची आणि एक काडी उपटायची नाही. मला लाज वाटायची मैत्रिणींना घरी आणायची. हेच ते. पानंसुद्धा ओळखीची आहेत!"

काकांनी अंगणावरून नजर फिरवली. हिरवं, बुटकं, मिटलेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"म्हणजे तू बरोबर होतीस, ताई," ते म्हणाले. "मग मी काय पाहिलं?"

हे इतक्या हळू आवाजात आलं की ताईंचा सगळा विजय तिथल्या तिथं विरला. त्यांनी भावाचा हात धरला. बाईंच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. हे सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

"ताई, एक विचारू? तुम्ही हे अंगण कधी बघायचात? म्हणजे दिवसातून कधी?"

"कधी म्हणजे? सकाळी निघताना, संध्याकाळी येताना. शाळा लांब होती. उजाडता उजाडता निघावं लागे."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"बाबांबरोबर त्यांच्या दुकानात. मला हिशेब चांगला यायचा, म्हणून ते न्यायचे. सकाळी त्यांच्याबरोबर जायचं आणि दिवेलागणीला यायचं." ताईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "का?"

"कळ्या अजून लहान आहेत. आठवड्यानं या. पण संध्याकाळी नको. दुपारी या, ऊन डोक्यावर असताना."

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. सगळ्यात धास्ती ढगांची होती, कारण आभाळ भरून आलं की ही फुलं डोळा उघडत नाहीत हे एव्हाना त्यांच्या लक्षात आलं होतं. पण ठरल्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. मुकादमही आपला शिरस्ता मोडून थांबला होता. बाईंनी मागचं दार लावून घेतलं होतं. काका आणि ताई आले, तेव्हा बाईंनी काकांना पुढे केलं आणि दार उघडलं.

काका वाकून बाहेर आले आणि उभे राहिले.

अंगण पेटलं होतं. पायरीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक तसूभर जागा सुटलेली नव्हती. लाखो फुलं, सगळी उघडी, सगळी एकाच दिशेला तोंड करून. वारा नव्हता, तरी ते निळं हलतंय असं वाटत होतं. भिंतीच्या दगडांवर त्याची झाक पडली होती. बाईंनी हे गेले तीन दिवस रोज दुपारी पाहिलं होतं, तरी त्यांचा श्वास पुन्हा थांबला. मुकादमानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

काकांनी चष्मा पुसला नाही. काढून खिशात ठेवला. आयुष्यभर लोकांना चष्मे चढवणारा हा माणूस पायरीवर बसला, पाय सोडले, आणि मग कुणी आधार द्यायच्या आत हळूच खाली उतरून फुलांच्या कडेला जमिनीवर बसला. चार वर्षांच्या मुलाचे डोळे असतात त्या उंचीवर येण्यासाठी आणखी वाकला, कोपरं टेकली.

"आई," ते म्हणाले.

दुसरं काही नाही. एवढंच, आणि तेही हाक मारावी तसं. बाईंनी तोंडावर हात धरला.

सगळ्यांचं लक्ष काकांकडे होतं, म्हणून ताईंकडे कुणी पाहिलंच नाही. त्या दाराच्या चौकटीत अर्धवट वाकलेल्या तशाच राहिल्या होत्या. त्यांचा एक हात दगडी चौकटीवर होता.

"रोज?" त्यांनी विचारलं. नेहमीचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "हे रोज व्हायचं?"

"बहर असेल तितके दिवस, रोज," बाई म्हणाल्या. "ऊन चढलं की उघडतात, कललं की मिटतात."

ताई पायरीवर आल्या.

"ती म्हणायची," त्या बोलू लागल्या, कुणाशी ते त्यांनाही ठाऊक नसावं. "सकाळी माझी वेणी घालताना म्हणायची, आज राहा ना गं घरी. एक दिवस. मी म्हणायचे, का? तर नुसती हसायची. म्हणायची, राहा म्हणजे कळेल. मला वाटायचं, हिला कामाला हात हवाय. हिला माझ्या शाळेची किंमत नाही. एकदा तर मी तिला तसं तोंडावर बोलले. त्यानंतर नाही म्हणाली ती कधी."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. ताईंना रडताना काकांनीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

"सांगायचं ना मग," त्या एकदम म्हणाल्या, रागानं, लहान मुलीसारख्या. "नीट सांगायचं ना तिनं, की असं असं असतं म्हणून! मी राहिले असते!"

काकांनी मान वळवली. त्यांचे डोळे वाहत होते, आणि तरी ते किंचित हसत होते.

"मी सत्तर वर्षं सांगतोय, ताई."

ताईंनी चपला काढल्या. पायरीच्या कडेला धरून, गुडघ्यांची कुरकुर ऐकत, त्या इंच इंच खाली उतरल्या.

"सरक जरा, बाळ," त्या म्हणाल्या. "मला बसू दे."

काका सरकले. ऊन ताईंच्या डोळ्यांवर येत होतं, तेव्हा त्यांनी आपला हात बहिणीच्या कपाळाशी आडवा धरला. बाईंनी मुकादमाला खूण केली, आणि दोघं आवाज न करता घरातून पुढच्या दारानं बाहेर पडले. मागे अंगणात ती दोघं फुलं मिटेपर्यंत बसून होती.